पाय कोणाचा मोडला, यावर शिक्षा ठरावी का?

फुटबॉलमधील धोकादायक टॅकलविषयी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेण्यासाठी घातलेल्या पायाविषयी, या वेळी तीन पत्रे आली आहेत. ती थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत. उत्तर देणारे पेशाने वकील असून त्यांनी अनेक वर्षे जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम केले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. पेठांचे सामने पाहतच मी लहानाचा मोठा झालो. गेल्या हंगामात माझ्या पुतण्याच्या नडगीची दोन्ही हाडे एका टॅकलमध्ये मोडली. समोरच्या खेळाडूला पिवळे कार्ड मिळाले आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा मैदानात होता. पुतण्याचे मात्र सात महिने गेले. माझे दोन प्रश्न आहेत. जाणूनबुजून पाय मोडणारा आणि चुकून मोडणारा या दोघांना नियम एकाच मापाने का मोजतो? आणि जखमी खेळाडू जितके दिवस बाहेर राहील तितके दिवस दोषी खेळाडूनेही बाहेर बसावे, असा सरळ नियम का करू नये?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला राग रास्त आहे आणि आपण सुचवलेला नियम ऐकताक्षणी न्याय्य वाटतो. मी तो कागदावर मांडून जुन्या घटनांना लावून पाहिला. त्यातून जे निघाले ते आपल्यालाही पटणार नाही असे वाटते, म्हणून आपला दुसरा प्रश्न आधी घेतो.

२१ एप्रिल २००१ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने मँचेस्टर सिटीच्या आल्फ-इंगे हालांडच्या उजव्या पायावर जे टॅकल केले ते फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत कुप्रसिद्ध टॅकलपैकी एक आहे. हालांड हे आजच्या एर्लिंग हालांडचे वडील. दोघांमधले वैर १९९७ पासूनचे होते. हालांड तेव्हा लीड्सकडून खेळत होता. त्याला पाडण्याच्या प्रयत्नात कीनच्या स्वतःच्याच गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो जमिनीवर पडलेला असताना, तू सोंग करतो आहेस, असे हालांडने त्याला सुनावले. कीनने ते साडेतीन वर्षे मनात ठेवले. २००१ च्या त्या टॅकलबद्दल त्याला लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी आणि पाच हजार पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी आपल्या आत्मचरित्रात त्याने सूड उगवल्याची कबुली दिली, तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड ठोठावला.

आता आपला नियम लावून पाहा. हालांडने तो सामना पूर्ण केला आणि त्याच आठवड्यात तो नॉर्वेकडूनही खेळला. पुढे त्याची कारकीर्द गुडघ्याच्या दुखण्यानेच आटोपली आणि त्यानंतर आपण एकही सामना पूर्ण खेळू शकलो नाही असे त्याने सांगितले आहे; परंतु शस्त्रक्रिया झाली ती डाव्या गुडघ्यावर, जो आधीपासून दुखत होता, आणि कीनचा घाव होता उजव्या पायावर. म्हणजे ‘जितके दिवस तो बाहेर तितके दिवस हा बाहेर’ या हिशेबाने, ज्याचा हेतू सर्वांत वाईट होता त्या कीनच्या वाट्याला बहुधा शून्य दिवस आले असते.

याच्या उलट टोकाला ३ नोव्हेंबर २०१९ चा गुडिसन पार्कवरील एव्हर्टन आणि टॉटनहॅम यांचा सामना आहे. टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनने पळत्या आंद्रे गोमेसला मागून पाय लावला. अशी टॅकल प्रत्येक सामन्यात पाच-सहा होतात. तोल गेलेला गोमेस पुढे टॉटनहॅमच्याच सर्ज ओरिएवर आदळला, त्याचा पाय विचित्र अडकला आणि घोट्याचा सांधा निखळून हाड मोडले. पंच मार्टिन अ‍ॅटकिन्सन यांनी आधी पिवळे कार्ड काढले होते. दुखापत पाहिल्यावर त्यांनी ते बदलून लाल केले. सोन डोके धरून रडत बाहेर गेला. लाल कार्ड खेळाडूची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल होते आणि तो धोका सोनच्या मूळ कृतीचा परिणाम म्हणून उद्भवला, असे स्पष्टीकरण प्रीमियर लीगने दिले. हे वाक्य मी बऱ्याचदा वाचले आहे आणि दर वेळी मला त्यात घोड्याच्या पुढे गाडी जोडलेली दिसते. धोका कृतीत असावा लागतो. तो परिणामातून मागे जाऊन कृतीला चिकटवता येत नाही. दोनच दिवसांत अपिलात ते लाल कार्ड रद्द झाले आणि ते योग्यच झाले. आपल्या नियमानुसार मात्र गोमेस परत येईपर्यंत, म्हणजे २३ फेब्रुवारी २०२० पर्यंत, सोनला ११२ दिवस बाहेर बसावे लागले असते.

सूडाने लाथ मारणाऱ्याला शून्य आणि साधा फाऊल करणाऱ्याला एकशे बारा असा निकाल देणारा तराजू आपण घरात ठेवणार नाही.

याखेरीज एक व्यवहाराची अडचण आहे. खेळाडू बरा झाला की नाही हे त्याच्याच क्लबचे डॉक्टर ठरवतात. प्रतिस्पर्ध्याचा हुकमी खेळाडू बाहेर बसवायचा असेल तर आपला राखीव खेळाडू आणखी महिनाभर ‘जखमी’ ठेवणे कोणाला अवघड आहे? पेठांच्या फुटबॉलमध्ये वाढलेल्या माणसाला हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे हेतूकडे. फुटबॉलच्या नियमावलीतील बारावा नियम फाऊलच्या तीन पायऱ्या सांगतो आणि त्यांच्यासाठी आपल्या पोलीस ठाण्यांतली जुनी भाषा मला फार चपखल वाटते. अपघाताच्या फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’ असे शब्द असतात, तेच येथे घ्यावेत. नुसती हयगय असेल तर फक्त फ्री किक मिळते. प्रतिस्पर्ध्याला काय होईल याची पर्वा न करता केलेल्या अविचाराला पिवळे कार्ड आहे. गरजेपेक्षा फार अधिक बळ वापरले किंवा प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर लाल. तिन्ही पायऱ्यांत ‘मुद्दाम’ हा शब्द कोठेही नाही. पूर्वी तो होता. १९९५ च्या सुमारास नियमांची फेरमांडणी झाली तेव्हा तो टॅकलच्या कलमातून काढून टाकला गेला. पंच बावीस खेळाडूंच्या मनात डोकावू शकत नाही, आणि ‘मी चेंडूवरच गेलो होतो’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक बचावपटूला तोंडपाठ असते, एवढे कारण मला त्यासाठी पुरेसे वाटते.

हेतू शोधायला गेले की डोळेही फसवतात. तीच चित्रफीत संथ गतीने दाखवली की माणसे त्या कृतीत अधिक हेतू पाहतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात दिसून आले आणि त्यात अमेरिकन फुटबॉलमधील एका टॅकलचीही फीत वापरली होती. संथ गतीत खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ होता असे वाटते. प्रत्यक्षात तो वेळ कधी नव्हताच. म्हणूनच व्हिडिओ पंचांच्या कार्यपद्धतीत, संपर्क कोठे झाला हे संथ गतीने पाहावे, परंतु कृतीची तीव्रता नेहमीच्या गतीनेच पाहावी, अशी सूचना आहे.

तेव्हा माझे मत असे आहे की मैदानावरची शिक्षा फक्त धोक्याची असावी. त्यासाठी मी एक कसोटी वापरतो : चित्रफीत पाय पायाला लागण्याच्या क्षणी थांबवा आणि पुढचे काही पाहू नका. खेळाडूचा वेग किती होता, स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) वर होते की जमिनीलगत, दोन्ही पाय हवेत होते का, चेंडू त्याच्या आवाक्यात होता का, आणि अंग आवरून घेण्याची संधी त्याने स्वतःला ठेवली होती का, एवढे त्या थांबलेल्या चित्रात आणि त्याआधीच्या दोन सेकंदांत दिसते. कार्डाचा रंग तेथेच ठरला पाहिजे.

या कसोटीला २०१० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लावून पाहा. नेदरलँड्सच्या नायजेल डी योंगची लाथ झाबी अलोन्सोच्या थेट छातीत बसली. अलोन्सो उठून पुढे खेळला आणि पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दिले. आपल्याला नीट दिसले नव्हते आणि ते लालच होते, असे वेब यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला डी योंगच्या टॅकलमध्ये न्यूकॅसलच्या हातेम बेन आर्फाचा पाय मोडला आणि पंचांनी साधा फाऊलही दिला नाही. पुढच्या सामन्यांसाठी डी योंगला नेदरलँड्सच्या संघातून वगळण्यात आले. छातीवरच्या लाथेनंतर वगळले असते तर मला अधिक समाधान वाटले असते.

येथे एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो, कारण वकील म्हणून तो मला टाळता येत नाही. आपला फौजदारी कायदा परिणामाकडे पाहतोच. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली फार तर सहा महिने कैद आहे. तशाच निष्काळजी कृतीने कोणाचा मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. गाडीचा वेग तोच, चालक तोच. फरक एवढाच की एका रस्त्यावर मूल आडवे आले आणि दुसऱ्यावर आले नाही. मग खेळाने परिणाम का वगळावा? माझे उत्तर अर्धवट आहे, पण प्रामाणिक आहे. न्यायालयापुढे महिनोन् महिने असतात, साक्षी असतात, उलटतपासणी असते, आणि मृत्यूची नोंद समाजाने घेतली पाहिजे ही भावनाही त्यामागे असते. पंचाजवळ काही सेकंद असतात आणि कानात किंकाळी असते. त्या किंकाळीचा परिणाम मला ठाऊक आहे. एका तालुका स्पर्धेत मी पिवळे कार्ड खिशातून अर्धे बाहेर काढले होते. हाड मोडल्याचा आवाज आला आणि माझा हात दुसऱ्या खिशाकडे गेला. नंतर कोणीतरी मोबाईलवर चित्रित केलेला प्रसंग पाहिला तेव्हा ते टॅकल पिवळ्याचेच होते. त्या मुलाची मी पुढे क्षमा मागितली, परंतु त्याचा अंतिम सामना हुकला तो हुकलाच.

दुखापतीला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ नाही. मोडलेला पाय पंचाला पुन्हा पाहायला लावणारे कारण होऊ शकतो. तो निकालाचे कारण होऊ नये. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये लीड्सच्या पास्कल स्ट्राइकच्या टॅकलमध्ये लिव्हरपूलच्या हार्वी एलियटचा घोटा निखळला. पंचांनी आधी खेळ चालू ठेवला आणि मग लाल कार्ड दिले. ते अपिलातही टिकले. गंमत अशी की स्वतः एलियटनेच, हे लाल कार्ड नव्हते, असे जाहीरपणे म्हटले. मला ते प्रकरण सोनच्या प्रकरणापेक्षा अवघड वाटते, कारण मागून घातलेल्या त्या पायामागे वेग बराच होता. तरीही दुखापत झाली नसती तर पंचांनी शिट्टी वाजवलीच नसती, हेही तितकेच खरे.

हेतूला जागा आहे ती सामन्यानंतर, शिस्तपालन समितीपुढे. तेथे घाई नसते आणि पुरावा मागता येतो : आधीची धमकी, चेंडू केव्हाच निघून गेला असताना मारलेली लाथ, किंवा कीनसारखी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कबुली. असा पुरावा असेल तर शिक्षा तीनवरून आठ सामने, किंवा मोसमभर झाली तरी माझी हरकत नाही. पुरावा नसेल तर नुसत्या संशयावर ती वाढू नये.

आणि परिणामाची खरी जागा भरपाईत आहे. औषधोपचार, बुडालेला रोजगार, अधू झालेला पाय यांचा हिशेब दुखापतीच्या मापानेच झाला पाहिजे, मग टॅकल करणाऱ्याच्या मनात काहीही असो. १९९७ मध्ये हडर्सफील्डच्या खेळाडूच्या टॅकलने ब्रॅडफर्ड सिटीच्या गॉर्डन वॉटसनचा पाय मोडला, तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयाने ते टॅकल निष्काळजीपणाचे ठरवले आणि त्याला नऊ लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. आपल्याकडे खेळाडूच्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा घरचे, तालमीतले लोक आणि दोन-चार फुटबॉलवेडे दुकानदार वर्गणी काढून भागवतात. प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेश शुल्कातच खेळाडूंचा विमा उतरवणे संयोजकांवर बंधनकारक करावे, या मागणीसाठी आपण पत्रव्यवहार केलात तर माझी सही घ्यावी.

आपल्या पुतण्याच्या प्रकरणात पिवळे कार्ड चुकीचे असेलही. आपण लिहिता की समोरच्या खेळाडूचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले होते. तसे असेल तर तेथे लाल कार्डच हवे होते, आणि पुतण्या कपडे झटकून उठला असता तरीही हवे होते.

प्रश्न : २००४ च्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझीलचा खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मरण पावला, ही गोष्ट आम्ही गोव्याचे लोक विसरलेलो नाही. ज्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली त्याच्यावर पुढे निलंबनाची कारवाई झाली. आपल्या विचारसरणीनुसार मृत्यूचाही विचार करायचा नाही काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ५ डिसेंबर २००४, बंगळूर. मोहन बागानविरुद्ध ज्युनियरने आपला आणि धेंपोचा दुसरा गोल केला, त्याच क्षणी पुढे धावून आलेला गोलरक्षक सुब्रत पाल त्याच्यावर आदळला आणि ज्युनियर कोसळला तो उठलाच नाही. धेंपोने चषक जिंकला आणि पुढे त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

आपला प्रश्न जड आहे आणि त्याला मी कसोटीचे वाक्य फेकून उत्तर देणार नाही. मृत्यूचा विचार करायचा, नक्कीच करायचा; परंतु शिक्षेची मोजणी करताना नव्हे. त्या धडकेची चित्रफीत संपर्काच्या क्षणी थांबवली तर दिसतो तो चेंडूसाठी पूर्ण वेगाने पुढे आलेला एक तरुण गोलरक्षक आणि त्याच्याआधी क्षणभर चेंडूपर्यंत पोहोचलेला आघाडीवीर. या धडकेत अविचार होता की नाही यावर जाणकारांनी दोन्ही बाजूंनी बोलावे, त्याबद्दल निलंबन द्यावे किंवा देऊ नये. ज्युनियर उठून गोलचा आनंद साजरा करत धावला असता तरी जी कारवाई झाली असती तीच योग्य कारवाई, एवढेच माझे म्हणणे. तशी कारवाई झाली असती का, हे आपण स्वतःला विचारून पाहावे. मला शंका आहे.

पालने पुढे वर्षानुवर्षे भारताचे गोल राखले आणि २०११ च्या आशियाई चषकात त्याचे जगभर कौतुकही झाले. त्या धडकेचे ओझे निलंबनाच्या मुदतीबरोबर संपले असेल असे मला वाटत नाही. मृत्यूने विचारलेले खरे प्रश्न दुसरेच होते : मैदानावर डॉक्टर किती सेकंदांत पोहोचतो, हृदयाला धक्का देणारे यंत्र हाताशी आहे की नाही, रुग्णवाहिका फाटकात उभी आहे की नाही. हे प्रश्न संयोजकांना आणि महासंघाला विचारायचे असतात. एका खेळाडूला दोषी ठरवले की ते विचारायचे राहून जातात, आणि परिणामावरून शिक्षा देण्याला माझा विरोध आहे तो यामुळेही.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. आंतरशालेय सामन्यात तिच्या टॅकलमुळे दुसऱ्या शाळेतील मुलीचा पाय मोडला. पंचांनी फक्त फाऊल दिला. त्या मुलीचे पालक पोलिसांत तक्रार करू म्हणतात. मुलगी तेव्हापासून मैदानावर गेलेली नाही. हा गुन्हा ठरतो का?
— एक पालक, पुणे

उत्तर : आपण लिहिलेल्या तपशिलावरून मला तो गुन्हा वाटत नाही. थोडे सविस्तर सांगतो, म्हणजे कोणी घाबरवले तर आपल्याला उत्तर देता येईल.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये एक सुंदर उदाहरण होते आणि ते आता न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये आले आहे : दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचे ठरवतात, त्या ठरवण्यातच खेळाच्या ओघात गैरखेळी न होता जी इजा होईल ती सोसण्याची संमती असते, आणि सरळ खेळताना एकाने दुसऱ्याला जखमी केले तर तो गुन्हा नाही. मात्र हे कलम अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीबद्दल आहे, ही गोष्ट अनेक वकीलही विसरतात. शालेय मुलांच्या बाबतीत आधार घ्यावा लागतो तो कलम १८ चा. कायदेशीर कृत्य कायदेशीर रीतीने, योग्य ती काळजी घेऊन करत असताना, गुन्ह्याचा हेतू नसताना अपघात घडला, तर तो अपराध ठरत नाही. उलट बाजूने कोणी कलम १२५ दाखवील, ज्यात हयगयीने किंवा अविचाराने केलेल्या कृतीमुळे झालेल्या जबर दुखापतीला शिक्षा सांगितली आहे. परंतु ती कृती इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणण्याइतकी असावी लागते. पंचांनी ज्याला कार्डाच्याही लायक मानले नाही ते टॅकल तेथवर पोहोचणे कठीण आहे. प्रकरण गेलेच तर ते बाल न्याय मंडळापुढे जाईल, नेहमीच्या न्यायालयात नाही.

इंग्लंडमध्ये हौशी सामन्यातील एका टॅकलबद्दल खालच्या न्यायालयाने खेळाडूला दोषी ठरवले होते. २००४ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द करताना असे तत्त्व घालून दिले की खेळाला स्वतःची शिस्तयंत्रणा असते, म्हणून फौजदारी कारवाई केवळ तेव्हाच व्हावी जेव्हा कृत्य गुन्हा म्हणावे इतके गंभीर असेल. आपल्या न्यायालयांवर ते बंधनकारक नाही, पण युक्तिवादात उपयोगी पडेल.

आता मुलीविषयी. २७ फेब्रुवारी २०१० रोजी स्टोक सिटीच्या रायन शॉक्रॉसच्या टॅकलने आर्सेनलच्या एरन रॅमसीचा पाय दोन ठिकाणी मोडला. शॉक्रॉस लाल कार्ड घेऊन रडत बाहेर पडला आणि त्यानंतर अनेक वर्षे त्याचे नाव त्या एका टॅकलसहच घेतले गेले. रॅमसी नऊ महिन्यांनी पुन्हा खेळू लागला. आपल्या मुलीला हे दोन्ही सांगा, कारण तिला बहुधा फक्त पहिला भाग दिसतो आहे.

तिला त्या मुलीला भेटायला घेऊन जा. भेटायला जाणे म्हणजे दोष कबूल करणे, असे कोणी सांगितले असेल तर ते मनावर घेऊ नका; फार तर दोन्ही शाळांचे क्रीडाशिक्षक सोबत असू द्यात. आणि ती सरावाला परत जाईल तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या प्रशिक्षकांनी तिला पुन्हा टॅकल करायला लावावे : एक पाय जमिनीवर, स्टड खाली, आणि चेंडूच्या अलीकडे थांबता येईल एवढ्याच वेगाने.